कुलूप कोण लावतं?

कानामागे नाण्याएवढी चकती चिकटवली की घरातली यंत्रं तुमच्या मनातलं ऐकतात. दिवा, पंखा, दाराचं कुलूप, कशालाच हात लावायला नको. बायको कुरकुरत होती, "अहो, मनातलं सगळंच ऐकलं तर?" मी तिला वेड्यात काढलं आणि दोघांसाठी चकत्या आणल्या.

गेल्या आठवड्यापासून मी कामावरून आलो की कुलूप उघडतच नाही. मी मनात 'उघड' म्हणतो, तर आतून खट्‌ आवाज येतो आणि ते आणखी घट्ट लागतं. मग बायको येऊन हाताने उघडते. काल माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी घरात नकोय ना तुला? तसं तोंडावर सांग की!"

"तुमची शपथ, मी तर वाट बघत असते," ती रडवेली झाली.

आज मेकॅनिक बोलावला. त्याने बायकोची चकती काढून ठेवली आणि मला बाहेरून यायला सांगितलं. मी दारापाशी आलो. खट्‌.

मेकॅनिक हाताने कुलूप उघडून बाहेर आला, मागे दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "कुलपातल्या नोंदी बघितल्या, साहेब. वहिनींची चकती रोज 'उघड' म्हणतेय. 'लाव' तुमच्याकडून येतंय."

"काहीतरीच काय!" मी हसलो. "माझंच घर आहे."

आतून बायकोने विचारलं, "सापडला का हो बिघाड?"

"हो, हो. बॅटरी उतरली होती," मी म्हणालो आणि दाराच्या मुठीकडे हात नेला.

आत खट्‌ झालं.