आर्नीची सुरी

आमच्या घरात टर्की कोणी कापायची हे पायांवर ठरतं. हा नियम माझ्या नवऱ्याचा, आर्नीचा. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे टर्की खायच्या सणाच्या, सकाळी गावात पाच किलोमीटरची शर्यत असते. घरातलं जे माणूस शेवटच्या कमानीखालून आधी जाईल, दुपारी सुरी त्याच्या हातात.

पुढे आर्नीचे गुडघे गेले, तेव्हा तो चालणाऱ्यांच्या गटात शिरला. शर्यत संपल्यावरचे डोनट सगळ्यांना साधारण एकाच वेळी मिळावेत म्हणून चालणाऱ्यांना पळणाऱ्यांच्या सतरा मिनिटं आधी सोडतात. नियमात 'आधी जाईल' असं होतं, 'जोरात पळेल' असं नव्हतं. त्यामुळे गुडघे गेल्यावरही आर्नीने आणखी सहा वर्षं टर्की कापली. कोणी हरकत घेतली नाही. ज्याने नियम केला तोच जिंकतो, हे आमच्या मिनेसोटात काय आणि दुसरीकडे काय, सगळीकडे सारखंच.

गेल्या वर्षी आर्नी नव्हता. सुरी जावयाकडे गेली.

आमचा जावई डॅरिन एका विमा कंपनीत आहे. तिथल्या माणसांनी खुर्चीतून उठावं, चार पावलं चालावं, हे पाहण्याचं त्याचं काम. त्यासाठी तो दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसतो. कोणाची किती पावलं झाली याचे तक्ते करतो आणि सोमवारी ते सगळ्यांना पाठवतो. ते मलाही येतात. मी त्याच्या कंपनीत नाही, पण माझी मुलगी शेली म्हणते की त्याने मला यादीत घातलं ते प्रेमाने.

गेल्या वर्षी त्याने टर्की कापली नाही, जुनं घर पाडावं तशी पाडली. दहा मिनिटं फोनवर व्हिडिओ पाहिला, मग वीस मिनिटं करवत चालवावी तशी सुरी चालवली. रस्सा निवला, त्यावर साय धरली. माझ्या घासात हाडाची कपची आली. तेही मी गिळलं असतं. पण जेवणानंतर त्याने ती सुरी भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाकली. लाकडी मुठीची सुरी. आर्नीने ती तेहेतीस वर्षं हाताने धुतली होती. सकाळी बाहेर काढली तेव्हा मूठ फुगून मधोमध तडकली होती. मी तिला सरस लावला, वर दोरा गुंडाळला आणि ठरवलं, या माणसाच्या हातात ही सुरी पुन्हा द्यायची नाही.

लोरेटाला सांगितलं. लोरेटा माझी मैत्रीण; टर्कीच्या कारखान्यात आम्ही एकतीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून काम केलं. तिने सोपा उपाय सांगितला.

"लपवून ठेव की गं. हरवली म्हण."

मी म्हटलं, आर्नीची वस्तू आर्नीच्या नियमाने मिळवायची. ती म्हणाली, मग चाल.

मी चालले. मला एकोणसत्तर झाली आहेत. सकाळी शाळेच्या जेवणघरात वाढायला जाते, तिथवर गाडीने जायची ती ऑगस्टपासून पायी जाऊ लागले. लोरेटा सोबत यायची, पण गाडीतून. काच खाली करून माझ्या चालीने गाडी हाकायची आणि गावभरच्या बातम्या सांगायची. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. ती त्यांना हात करायची.

डॅरिनचाही सराव चालू होता. त्याचे बूट माझ्या पहिल्या गाडीपेक्षा महाग. मनगटावर घड्याळ, ते आकाशातल्या उपग्रहाला विचारून अंतर सांगतं. घड्याळात जे नाही ते घडलंच नाही, असं त्याचं मत. चार पूर्णांक नऊ किलोमीटर झाले आणि घर आलं, तर तो अंगणात फिरकीसारखा गोल गोल फिरायचा. आणि पाच झाले की जिथे असेल तिथे थांबून बटण दाबायचा. एकदा रस्ता ओलांडतानाच त्याचे पाच झाले. शाळेची बस कचकन थांबली. चालक बाई काय म्हणाली ते मी ऐकलं, पण लिहीत नाही.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात छातीवर लावायचे नंबर आले, सोबत एक पत्रक. मला वाचायला आलं ते बावन्नाव्या वर्षी, वाचनालयाच्या तळघरातल्या वर्गात. तेव्हापासून हातात आलेला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, अगदी औषधाच्या बाटलीवरचासुद्धा. डॅरिन दोन पदव्या घेतलेला, त्यामुळे त्याला वाचायची गरज पडत नाही. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रस्ता चाकाने मोजला आहे. तुमचं घड्याळ वेगळं सांगेल. शर्यत कमानीखाली संपते. मी घडी घालून पत्रक खिशात ठेवलं.

त्या सकाळी तळ्याला कडेने बर्फ धरला होता. आम्हा चालणाऱ्यांना सोडलं. मी थोडं चालत, थोडं दुडकत निघाले. पाण्याच्या टाकीपाशी लोरेटा गाडीच्या टपाला टेकून उभी होती. तिने घड्याळ बघून सांगितलं की पळणारे सुटले. पुढच्या चौकात ती गाडी घेऊन पुन्हा भेटली, म्हणाली, मागे माझा जावई वळणावळणाला बाहेरच्या कडेने जातोय, बघायला आलेल्या ऑफिसातल्या लोकांच्या हातावर टाळ्या देत.

शेवटच्या सरळ रस्त्याला लागले तेव्हा मागून त्या महाग बुटांचा आवाज आला. डॅरिन मला ओलांडून गेला. जाताना वळून म्हणाला, "आई, छान चाललात हं." मला वाटलं, संपलं. समोर अग्निशमन केंद्र, त्याच्यापुढे हवा भरलेली पिवळी कमान, आणि डॅरिन तिच्याकडे धावतोय. त्या दोरा गुंडाळलेल्या मुठीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि कमानीच्या साठ पावलं अलीकडे डॅरिन थांबला.

बाहेरच्या कडेने पळून त्याच्या मनगटावर आधीच पाच झाले होते. त्याने बटण दाबलं. कमरेवर हात ठेवले, आकाशाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि ऑफिसला पाठवायला मनगटाचा फोटो घेऊ लागला. एकदा नीट आला नाही, म्हणून पुन्हा.

मी जवळ आले. सांगावं का, असं मनात आलं. खरंच आलं. सुमारे तीन पावलं ते टिकलं.

"शाब्बास डॅरिन," मी जाता जाता म्हटलं.

त्याने अंगठा वर केला.

डोनटचा अर्धा तुकडा माझ्या तोंडात असताना तो कमानीखालून आला, चालत.

दुपारी मी सुरी घेतली. टेबलावर शेली, डॅरिन, लोरेटा आणि मधोमध टर्की. डॅरिनने विचारलं.

"आई, कमान तुम्हाला दिसत होती ना?"

"दिसत होती."

"मग सांगितलं का नाही?"

"पत्रकात लिहिलं होतं," मी म्हटलं. शेलीने हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तिला ठसका लागला.

मी सुरी सांध्यावर ठेवली, एक वळसा दिला आणि डावा पंख अलगद ताटात आला. तीन सेकंद. हाडाला ओरखडा नाही. असं कापलेलं शेलीने आणि डॅरिनने पाहिलं नव्हतं.

मग मी थांबले.

"पुढे?" शेलीने विचारलं.

"पुढे पट्टा सरकतो," मी म्हटलं.

एकतीस वर्षं मी डावा पंख कापला. दिवसाला हजारो. बाकीचा पक्षी कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून पुढच्या माणसाकडे जायचा आणि त्याचं काय होतं ते मला कोणी दाखवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. वर्षभर मी सुरीचाच विचार केला होता, टर्कीचा नाही.

"आण इकडे," लोरेटा म्हणाली. तिच्याकडे उजवी तंगडी असायची. तीही तीन सेकंदांत उतरली. मग आम्ही दोघी उरलेल्या पक्ष्याकडे बघत बसलो. छातीचं काम वॉलेसकडे होतं, आणि वॉलेस निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेला.

रस्सा निवत चालला होता.

डॅरिनने घसा खाकरला. मागच्या वर्षीचा तो व्हिडिओ होता, म्हणाला, पण घाईत त्याने शेवटपर्यंत पाहिला नव्हता. मी म्हटलं, मग आता पाहा. त्याने शेवटपर्यंत पाहिला. मग खुर्चीतून उठला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि एकेक पायरी सांगत गेला: आधी मधल्या हाडाच्या कडेने खाली, मग आडवे काप. तो सांगत होता, मी कापत होते. काप पातळ पडले. कातडी एकाही कापावरून सुटली नाही.

जेवणानंतर मी टेबल आवरत होते तेव्हा त्याने सुरी उचलली. मशीनचं दार उघडंच होतं. तो तिथे क्षणभर थांबला, मग मोरीकडे वळला आणि हाताने धुवायला लागला.

"मूठ ओली ठेवू नकोस," मी म्हटलं.

त्याने ती पुसली, दोऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं, आणि पुन्हा पुसली.