नऊ भोकांची भिंत

मी एक भिंत बोलतेय. सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला, अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या उतारावर, कांगास आणि सोल्बर्ग या दोन घरांच्या मधे उभी असलेली. उभी म्हणजे निम्मी उभी. उरलेली निम्मी सध्या वाटेवर दगडांच्या ढिगात पडून आहे. भिंती सोशिक असतात असं माणसं म्हणतात. माझ्याबद्दल तसं कुणी म्हणू नये. मी सोसलं, पण विसरले नाही.

मला रैनो कांगासने बांधलं. तो गवंडी नव्हता, गोदीवर खनिजाच्या बोटी भरायचा. सुट्टीच्या दिवशी दगड रचायचा. त्याच्या घरामागे डोंगराची माती रोज थोडी थोडी परसात उतरायची. आधीच्या मालकाने तिथे लाकडी ओंडके लावले होते, ते कुजून भुसा झाले होते. रैनोने ते उपसून काढले आणि चर खणायला घेतला. गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. शेजारीपाजारी कुंपणावर रेलून विचारायचे, “रैनो, भिंत बांधतोयस की स्वतःची सोय करून ठेवतोयस?”

“इथली जमीन पाच फूट गोठते,” तो म्हणायचा. “पाया वर ठेवला तर दर हिवाळ्यात ती त्याला उचलून बघते, आणि खाली ठेवताना कधी नीट ठेवत नाही.”

त्याने सहा फुटांवर पाया घातला. काळे दगड एकेक करून निवडले, अंगठ्याने कडा चाचपून बसवले, सांधे सिमेंटने भरले. मला डोंगराकडे किंचित रेलवलं. पाठीमागे माती लोटली नाही, हातभर रुंदीची खडी भरली. आणि गुडघ्याच्या उंचीवर नऊ भोकं ठेवली. भिंत दगडामुळे उभी राहते असं लोकांना वाटतं. रैनोला ठाऊक होतं की ती पाणी सोडते म्हणून उभी राहते. अडलेलं पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलेल्या पाण्यापुढे दगडाचं काही चालत नाही.

अठ्ठावीस वर्षं माझं बरं चाललं. माझ्या पायाशी एक अरुंद वाट होती, मागच्या दारापासून सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, लाकडी खोलीपर्यंत जाणारी. दर शनिवारी रैनो आणि औने त्या वाटेने जायची, लालबुंद होऊन वाफा सोडत परत यायची. औने त्याची बायको. शाळेत गणित शिकवायची. तिला कमी बोलायची सवय होती आणि रैनोला तिचं सगळं ऐकू यायचं.

मग वर राहणाऱ्या वेंडेल सोल्बर्गने बोटीसाठी नवं गॅरेज बांधलं, थेट माझ्या डोक्यावर. छपराची सगळी पन्हळ एका पाइपात आणली आणि त्या पाइपाचं तोंड माझ्या पाठीशी सोडून दिलं. हिवाळ्यात ऊन पडलं की छपरावरचं बर्फ वितळायचं, ते पाणी माझ्यात उतरायचं, माझ्या भोकांतून वाटेवर यायचं आणि संध्याकाळपर्यंत काच होऊन बसायचं.

रैनोने त्याला सांगितलं. वेंडेल वाईट माणूस नव्हता, ही त्याच्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. लगेच म्हणाला, हो हो, फिरवतो, हरणांच्या शिकारीचा मोसम तेवढा संपू दे. मोसम संपला. मग सरोवर गोठलं, मासे धरायला जायचं होतं. मग कंबर धरली. दर वेळी तो इतकं मनापासून हो म्हणायचा की रैनोच ओशाळून परत यायचा.

“सोल्बर्ग,” एकदा तो कुंपणावरून म्हणाला, “पाइपाचं तोंड फिरव, नाहीतर एक दिवस तुझं फिरवीन.” दोघंही हसले. रैनो घसरू नये म्हणून सॉनाच्या चुलीतली राख वाटेवर पसरत राहिला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी राख कमी पडली. रैनो रिकामी बादली घेऊन सॉनातून निघाला आणि सातव्या भोकाखाली त्याचा पाय सरकला. त्याचं डोकं माझ्या तिसऱ्या थरातल्या एका दगडावर आपटलं. तो दगड त्याने दोनदा काढून तिसऱ्यांदा बसवलेला होता, नीट बसेना म्हणून. चार दिवसांनी, बुधवारी, औने इस्पितळातून एकटी घरी आली. ती वाटेवर आली नाही. खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पडदा ओढला.

प्रेत पुरायच्या आदल्या दिवशी वेंडेल आणि त्याची बायको आर्डिस बटाटे आणि खिम्याचं भलंमोठं भांडं घेऊन आली. वेंडेल दारातच रडला. आणि दुसऱ्या सकाळी उठून त्याने पाइप फिरवला. औने ओट्याशी उभी होती. तो शिडीवर चढला तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, शिडी परत नेऊन ठेवली तेव्हा पुन्हा पाहिलं.

आठवड्याने तिने ते भांडं घासून परत केलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चार बिस्किटं तरी घालतात. तिने रिकामं दिलं. आर्डिसला ते कळलं. वेंडेलला कळलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो रोज पहाटे फावडं घेऊन औनेच्या पुढच्या दारातलं बर्फ साफ करायला लागला. ती पडद्याआडून बघायची. एकदाही दार उघडलं नाही.

ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आधी, ती माझ्याजवळ आली. पदरात म्हणावं तसं स्वेटरच्या ओच्यात नऊ लाकडी खुंट्या होत्या, प्रत्येकीवर लोकर गुंडाळलेली. गवंड्याच्या बायकोसारखी ती गुडघ्यावर बसली आणि एकेक भोकात एकेक खुंटी हातोडीने ठोकली. नववी ठोकल्यावर माझ्यावर तळवा टेकून म्हणाली, “तू पडलीस की त्याचं गॅरेजही येईल. बोटीसकट.”

भिंतीला नाही म्हणता येत नाही. पण खरं सांगते, मला म्हणायचंही नव्हतं. माझ्या दगडावर माझाच माणूस फुटला होता आणि ज्याच्यामुळे फुटला तो वर बोटीला रंग देत होता. मला वर पडता आलं असतं तर मी त्याच रात्री पडले असते. पण भिंत उताराकडेच पडते. म्हणून मी सावकाशीची वाट धरली.

पाइप फिरला तरी डोंगराचं पाणी थोडंच थांबतं? ते आलं, अडलं, गोठलं आणि मला पुढे रेटलं. वसंतात बर्फ सुटलं तेव्हा मी मागे गेले नाही, मधल्या फटीत माती येऊन बसली. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी चार बोटं. मला पोट सुटलं. वर गॅरेजच्या फरशीला भेग गेली, वेंडेलने ती सिमेंटने बुजवली. दार अडकायला लागलं, त्याने दार रंधून घेतलं. भेग परत आली, त्याने परत बुजवली. माणूस पाहिजे तितका वेळ काढत होता, फक्त योग्य जागी नाही.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये तो शेवटी खाली माझ्याकडे आला. माझं पोट पाहून त्याने टोपी काढली. खाली वाकून पहिलं भोक पाहिलं, खुंटी पाहिली, वर जाऊन पक्कड आणली आणि माझ्या पोटाखाली गुडघे टेकून बसला. पहिली खुंटी निघाल्यावर गढूळ पाण्याची धार त्याच्या छातीवर आली. दुसरी निघाली. तिच्यावरची लोकर त्याने बोटांवर उलगडली. करडी, कडेला लाल पट्टा. रैनोचे मोजे साऱ्या गल्लीला ओळखू यायचे.

मागचं दार उघडून औने बाहेर आली.

“हे तुम्ही केलंत,” वेंडेल म्हणाला.

“मीच.”

“का ते मी विचारत नाही.”

“विचार,” औने म्हणाली. “विचारलंच नाहीस म्हणून तर इथवर आलं.”

तो हातातली लोकर पुन्हा खुंटीवर गुंडाळायला लागला.

“पाइप फिरवायला किती वेळ लागला तुला?”

“असेल अर्धा तास.”

“वीस मिनिटं. शिडी परत नेऊन ठेवली ती धरून.”

वेंडेलने मान हलवली. म्हणाला, “रोज सकाळी यायचो ते तुम्ही कधीतरी बाहेर येऊन दोन शिव्या द्याल म्हणून.”

“माहीत होतं मला. म्हणून आले नाही.”

तेवढ्यात माझ्या आतून आवाज झाला. खडी सरकल्याचा, दळण्यासारखा. माझ्या पाठीमागचं बर्फच आता मला धरून होतं आणि ते सुटत चाललं होतं. वेंडेलला तो आवाज कळला नाही. औनेला कळला. तीसेक वर्षं ती रैनोबरोबर राहिली होती, भिंत कधी कण्हते हे तिला ठाऊक होतं. तो तिसऱ्या खुंटीला पक्कड लावत होता. ती गप्प उभी होती.

मी तिच्याकडे बघत होते. ती नुसती गप्प राहिली तरी पुरे होतं. इतकी वर्षं तेच तर करत आली होती. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला तो हवा होता.

“ऊठ,” ती म्हणाली.

“अजून सात राहिल्यात.”

“ऊठ म्हणते ना. भिंत अंगावर आली तर तू सुटशील. मला तू सुटायला नको आहेस.”

त्याने मान वर करून पाहिलं आणि तो उठला. दाराच्या पायरीपर्यंत पोचला असेल, मी गेले. माझा मधला वीस फुटांचा भाग वाटेवर कोसळला, त्याच्यामागे ओली माती, तिच्यामागे गॅरेजचा अर्धा कोपरा. बोट पुढून सावकाश घसरत आली आणि औनेच्या भाजीच्या वाफ्यात नाक खुपसून थांबली.

“ही तुझी,” औने म्हणाली. “घेऊन जा.”

बोट गेली, गॅरेज उतरवलं. माझा पाया मात्र हलला नव्हता. चर्चमधली माणसं यंत्र घेऊन यायला तयार होती, दोन दिवसांत नवी भिंत उभी करतो म्हणाली. औनेने त्यांना केक खायला घालून परत पाठवलं आणि वेंडेलला निरोप धाडला: शनिवारी सकाळी ये. हाताने बांधायची. रैनोने बांधली तशी.

आर्डिस तणतणली. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाची कंबर, आणि ही बाई काय समजते स्वतःला? वेंडेल तरीही आला. औने खुर्ची टाकून बसली, मांडीवर रैनोचा ओळंबा. पहिला दगड बसला. तिने ओळंबा सोडला, पाहिलं.

“काढ.”

त्याने काढला. असा सबंध उन्हाळा गेला. त्याला येत काहीच नव्हतं. खडी आधी की दगड आधी इथपासून सुरुवात होती. तीही सांगत नसे, चुकल्यावर काढायला लावत असे. कॉफी आणायची, एक कप, स्वतःपुरता. मीही हात धुऊन घेतले. एका शनिवारी पक्का बसलेला दगड पुढच्या शनिवारी त्याच्या हाताखाली डगमगायचा. दोन बोटांची नखं मी घेतली.

तिसऱ्या थराला आल्यावर तिने काठीने ढिगातला एक दगड दाखवला. “हा. इथे.”

त्याने उचलला, चार पावलं आणला, आणि मधेच त्याला कळलं. कसं कळलं ते माहीत नाही, त्या दगडावर आता कसलाही डाग नव्हता. दगड खाली ठेवून तो कुंपणापर्यंत गेला. परत आला, दगड बसवला.

“काढ.”

सात वेळा तिने तो काढायला लावला. आठव्यांदा तिने ओळंबा गुंडाळला. घरात निघून गेली आणि त्या दिवशी परत बाहेर आली नाही.

यंदाचा दुसरा उन्हाळाही सरला. गेल्या शनिवारी शेवटचा दगड चढला. नऊ भोकं मोकळी, पाठीशी खडी, सांधे भरलेले. रैनोच्या हातचं नव्हे, पण वाईटही नव्हे. वेंडेलने हात झटकले आणि तो तिच्याकडे बघत उभा राहिला. औने माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. ओळंबा सोडला. माझं रेलणं सगळीकडे सारखंच भरलं. मला ठाऊक आहे, माझ्यात खोट नव्हती.

“चौथ्या भोकापासून पुढचं सगळं उतरव,” ती म्हणाली.

“काय चुकलंय तिथे?”

“मी अजून शोधलं नाही.”

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. नंतर पहार उचलली आणि अंधार पडेपर्यंत दगड उतरवले. “शनिवारी लवकर येतो मग,” म्हणाला, “दिवस लहान झालेत.”

ती मानेनेच हो म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान आहे का ते मी फार निरखून पाहिलं. समाधान नव्हतं. मी पुरी झाले तर शनिवारी तिच्या परसात कोण येणार, हा हिशेब तिनेही केला असावा.

आज शनिवार आहे. जमीन गोठायला तीन आठवडे उरलेत आणि मी पुन्हा निम्मी आहे, पाठ उघडी टाकून. अपराधी कोण आणि भिंत कोण हे थंडीला कळत नाही. तुमच्यापैकी कुणाचं औनेशी बोलणं होत असेल तर तिला एवढं सांगा. त्याच्या टोपीत खोट काढ म्हणावं, त्याच्या कॉफीत काढ, त्याच्या देवात काढ, जन्मभर काढ, मी तुझ्याच बाजूची आहे. पण मला थंडीआधी पुरी होऊ दे.

तो आजचा पहिला दगड उतरवतोय. मागच्या वर्षी दाणकन टाकायचा, आता दोन्ही हातांनी धरून हळूच गवतावर ठेवतो. मला त्याचा राग येतो तो याचाच.