निगेटिव्ह

डबी अजून कोमट होती. झाकण घट्ट बसलेलं, बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरचा ठिपका हिरवा झालेला – म्हणजे आत जे आहे ते आत्ताच अंगातून निघालेलं, कुठून आणून ओतलेलं नाही – आणि तरीही ती बाथरूमच्या दारात उभी राहून ती डबी खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघत राहिली, जणू त्या फिक्कट पिवळ्या पाण्यात काहीतरी तरंगताना दिसेल. बारीकसं काहीतरी. तिला हवं असलेलं.

"झालं समाधान? की परत करून दाखवू, इन्स्पेक्टरबाई?" नवरा हात धूत म्हणाला.

आवाज शांत. हल्ली त्याचा आवाज शांतच असतो. पूर्वी त्याच्या आवाजावरून ती अंदाज बांधायची – जिन्यातच कळायचं, आज किती झालीय, आज भांडी आपटणार की नुसताच रडणार – आता त्या आवाजात काही सापडत नाही. गुळगुळीत भिंत नुसती.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनीच ही पद्धत घालून दिली होती. कधीही फोन येईल, की दुसऱ्या दिवशी लघवीचा नमुना द्यायचा, आणि देताना घरातलं कुणीतरी समोर उभं राहायचं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं त्याच्या हातावर भरवसा ठेवून वर जातात आणि खाली येतात. कंपनीनं त्याला कामावर परत घेतलं ते याच अटीवर. दीड वर्ष होत आलं, आणि इतक्या दिवसांत ती त्याच्याकडे इतकं निरखून फक्त याच कामासाठी बघत आली होती. लग्न होऊन आले तेव्हा याच माणसासमोर मान वर करायला लाजायची मी... आणि आता दारात उभी राहून धार बघते!

पण या वेळी केंद्रातून फोन आला नव्हता. तिनंच केंद्राला फोन केला होता. घरी येऊन मात्र म्हणाली, "उद्या तुमचा नमुना मागितलाय." तो नुसता हसला.

डबी पिशवीत, पिशवी खांद्याला. रस्त्यावर नेहमीची सकाळ होती – दुकानांची शटरं अर्धी वर गेलेली, कुणी फुटपाथवर पाणी मारत होतं, एक आई मुलाला ओढत शाळेकडे निघालेली. ती जिथं कापड बेतायचं काम करते त्या शिवणकारखान्यात तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पिशवी अंगाला घासत होती आणि डबीची ऊब कापडातून लागते आहे असं तिला वाटत होतं, जरी एव्हाना ती निवलेली असणार. आणि मग परवाचं ते जेवण...

परवा जेवताना लेक सांगत होती. दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, खोली बघावी लागेल, थोडी भीती वाटतेय. एवढंच. भीती वाटतेय म्हणाली, म्हणजे कुणीतरी 'घाबरू नकोस' म्हणावं म्हणून म्हणाली, हे शेजाऱ्यालाही कळलं असतं. नवऱ्यानं घास नीट चावून गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "जा की. तू पोटात राहिलीस म्हणून मी या घरात अडकलो. निदान तू तरी सूट."

आरडाओरडा नाही, ताट भिरकावणं नाही. मीठ मागावं तसं म्हणाला. आणि पुढचा घास घेतला.

नंतर लेक स्वयंपाकघरात आली. रडत नव्हती. ओट्याला टेकून उभी राहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबा परत प्यायला लागलेत ना गं?"

काय होतं तिच्या चेहऱ्यावर? भीती असायला हवी होती. लहानपणी असायची ना, हा प्रश्न विचारताना. परवा भीती नव्हती, आशा होती. उघडीवाघडी, भिकाऱ्यासारखी हात पसरून उभी असलेली आशा. आणि ती आशा ओळखायला आईला एक क्षणही लागला नाही, कारण तीच आशा तिच्या पोटातही कधीची येऊन बसली होती.

"असेल," ती म्हणाली. "बघते मी."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी हातमोजे चढवले, पट्टीवरचा ठिपका पाहिला, डबीवर चिठ्ठी चिकटवली. पोक्त, जाडा चष्मा, ओळखीचं हसू. "बसा बाहेर. प्राथमिक तपासणी आहे, लगेच होईल."

बाहेर बाकावर एक म्हातारा कापूस दंडाशी दाबून बसला होता. एक तरुण जोडपं हातात हात घालून कसल्यातरी चांगल्या बातमीची वाट बघत होतं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि मनात म्हणत राहिली, असू दे. थोडीशी असू दे. एखादा घोट. कामावरून येताना, कुणीतरी आग्रह केला म्हणून... मग मी रडेन, केंद्रात जाईन, डॉक्टरांच्या शिव्या खाईन, सगळं पहिल्यापासून करीन. मला येतं ते. त्यात मी तरबेज आहे.

"या," बाई दारातून म्हणाल्या. "निगेटिव्ह आहे. अभिनंदन!"

ती उठली, पण रिपोर्ट घ्यायला हात पुढे गेला नाही. "परवा रात्री घेतली असेल तर? आज कळेल का?"

"कळेल. दारू स्वतः काही तासांत निघून जाते हो, पण शरीर तिचं जे करतं ना, ते लघवीत दोन-तीन दिवस सापडतं. इथं काहीच नाही."

"भरपूर पाणी प्यायलं असेल तर?"

"नमुना पातळ असता तर तेही दिसलं असतं. तसा नाहीये."

"मशीन चुकत नाही कधी?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे सगळेच विचारतात. पण रिपोर्ट वाईट आला की. चांगला आल्यावर विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "ताई, घरी सगळं बरं आहे ना?"

"बरंय," ती म्हणाली. "निगेटिव्ह आहे म्हटल्यावर बरंच असणार."

जिना उतरून ती रस्त्यावर आली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर उभी राहिली, आत काही घ्यायचं नसताना. काहीच नाही. म्हणजे परवा जेवताना जे बोलला ते तो पुऱ्या शुद्धीत बोलला. आणि त्याआधीचं? वर्षभरातलं? तिच्या आईच्या आजारपणात 'अजून किती दिवस चालणार हे' म्हणाला ते, तिच्या वाढदिवशी 'आरशात बघ जरा' म्हणाला ते... ते सगळं शुद्ध, निर्मळ, कशाचीही भेसळ नसलेलं!

किती वर्षं ती माहेरी, शेजारी, लेकीला सांगत आली – माणूस वाईट नाही हो, दारू वाईट. आणि तेव्हा तसं वाटायचंही. रात्री शिव्या द्यायचा पण सकाळी पायाशी बसायचा, तोंड लपवून माफी मागायचा, आणि त्या सकाळच्या माणसाकडे बघून ती रात्रीचा माणूस गिळून टाकायची. बाटलीच्या मागे कुणीतरी उभा आहे, चांगला, बिचारा, अडकलेला. बाटली हलवली की तो पुढे येईल. बाटली हलली. आणि दारू सुटली तशी माफीही सुटली, कारण आता माफी मागण्यासारखं तो काही करतच नव्हता. मागे कुणी नव्हतं. ज्याच्यासाठी मी जागले, खपले, लोकांची बोलणी खाल्ली, तो... तो होता कधी?

फोन वाजला. लेक.

"आई, आला रिपोर्ट?"

"आला."

"मग? प्यायलेत ना?"

नुसतं 'हो' म्हटलं की झालं. एवढ्या एका शब्दानं लेकीला बाप परत मिळणार होता – दारूनं बिघडवलेला, पण आतून आपला असलेला बाप. तिला ते दुसऱ्या गावच्या खोलीत उशाशी घेऊन झोपता आलं असतं. आपण स्वतः इतकी वर्षं तेच उशाशी घेऊन झोपलो. आणि काय झालं आपलं?

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं."

समोरून एक बस धडधडत गेली. डोळ्यांत पाणी येईल म्हणून तिनं वाट पाहिली, आलं नाही. उलट आत कुठेतरी एकदम मोकळं, भयंकर मोकळं झालं होतं, सामान हलवून नेलेल्या खोलीसारखं. वाट बघणं संपलं होतं. सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ती हेच तर करत आली होती, दुसरं तिला काही येत होतं की नाही तेही आता आठवेना. एका झटक्यात दारू सोडलेल्या माणसाचं होतं तसं तिचं झालं. फोन कानाशी नीट राहीना, इतके हात थरथरत होते.