पुंडलिकचा पट्टा

"ताठ बस की रे, इंद्रजीत! फेटा कलायला लागलाय बघ," सखाराममामा वैतागून म्हणाले.

इंद्रजीत ताठ बसला आणि लगेच पुन्हा पुढे ढेपाळला. गेले कित्येक महिने असंच बसणं अंगवळणी पडलं होतं. हर्सूलच्या गल्लीत मांडव घातला होता, हलगी कडाडत होती. देशाच्या व्हीलचेअर बास्केटबॉल संघातून परदेशात खेळून आलेला गल्लीचा पोरगा मात्र आपल्या खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखा झाला होता.

"दमलंय लेकरू," त्याची आई केसरबाई म्हणाल्या. "त्यात खांदा दुखतोय त्याचा."

खांद्याला काय धाड भरली होती! खांदा ठणठणीत होता. खांदा दुखावला म्हणून इंद्रजीत पुढचे सामने खेळला नाही, ही थाप संघाच्या शिवराज सरांनी इकडे कळवली होती. इंद्रजीतने ती खोडली नाही, एवढंच.

इंद्रजीत मूळचा पाचोडचा. लाइनमनच्या हाताखाली विजेच्या खांबांवर चढायचा. एकदा वरून पडला आणि पाय गेले. पाठ बरीचशी वाचली. घरात तोंड लपवून पडला होता, तेव्हा त्याला मैदानावर ओढून आणलं ते पैठणच्या पुंडलिकने. पुंडलिकचं छातीखालचं सगळं अंग निर्जीव, पण माणूस असा, की रडणाऱ्यालाही हसवील. खुर्चीतून पडल्यावर पुन्हा चढायचं कसं, तेही त्यानेच इंद्रजीतला शिकवलं.

या खेळाचा एक कायदा आहे. डॉक्टर शरीर तपासून प्रत्येकाला गुण देतात. अंग कमी साथ देतं त्याला कमी गुण, जास्त देतं त्याला जास्त. मैदानावरच्या पाचांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. म्हणून पुंडलिकसारखा एक गुणाचा गडी संघाला लाखमोलाचा. इंद्रजीत पडला तीन गुणांचा, आणि त्या गुणांचे त्याच्याहून सरस खेळाडू देशात ढिगाने. त्याला कोण विचारतो?

एके दिवशी शिवराज सरांनी त्याला बाजूला घेतलं. "डॉक्टर पुढं वाकायला सांगतील. वाकलास की हात टेकल्याशिवाय वर यायचं नाही. समजलं?"

समजलं. सोयरिकीला पाहुणे आले की केसरबाई म्हणायच्या, "ताठ बस, काय नाय झालं तुला." आजवर दुखणं झाकत आलेला माणूस आता ते वाढवून दाखवायला शिकला. डॉक्टर फसले. इंद्रजीतला दीड गुण मिळाले, आणि संघातली पुंडलिकची जागाही.

पुंडलिक बिचारा भोळा. त्याला वाटलं, मित्राची पाठ खचत चालली. "दवाखान्यात दाखव रे, हयगय करू नको," म्हणून तो मागे लागला. इंद्रजीत परदेशी निघाला त्या दिवशी तर त्याने आपल्या छातीचा पट्टाच सोडून त्याला दिला. जाड खाकी कापडाचा, अंग खुर्चीला बांधून ठेवणारा रुंद पट्टा, त्याच्या आईने शिवलेला.

"मी तर घरीच हाय. तुला खेळायचंय, पडशील," तो म्हणाला.

इंद्रजीतने तो घेतला. घेतला आणि बांधलासुद्धा! सोंगाला शोभला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. अहो, पाठीचंही येत नाही! दुसऱ्याच सामन्यात बॉल रेषेबाहेर चालला, तसं इंद्रजीतचं अंग खांबावरच्या जुन्या सवयीने कमरेतून झुकलं, बॉल उचलला आणि हात न टेकता सरळ झालं. पट्टा सैलच होता. गुण पुन्हा पडताळायला कडेला बसलेल्या परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. दीडाचे तीन झाले आणि पाचांची बेरीज काही केल्या जुळेना. बेरीज जुळवणारा गडी पैठणला घरी बसला होता. संघ हरत गेला, इंद्रजीत कडेला बसून बघत राहिला. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी बोललंच नाही.

"पुंडलिक आला, पुंडलिक!" मांडवात कोणीतरी ओरडलं.

त्याच्या भावाने त्याला रिक्षातून उतरवून खुर्चीत बसवलं. मांडीवर झेंडूचा हार. इंद्रजीतला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"काय पैलवान!" पुंडलिक जवळ येत हसला. "खांदा कसाय?"

"बराय."

"आन पाठ?"

इंद्रजीत उगाच फेटा सावरायला लागला.

"मान खाली कर. हार घालू दे."

पुंडलिकने दोन्ही हातांनी हार उचलला. खुर्चीला धरायला हात उरला नाही, छातीला पट्टा नव्हता. कापलेल्या उसासारखा तो पुढे कोसळला. बायका किंचाळल्या. इंद्रजीत कमरेतून झेपावला, त्याच दुखऱ्या म्हणवलेल्या खांद्यावर त्याला झेललं आणि दुसरा हात कुठेही न टेकता, त्याला घेऊन सरळ झाला.

"वा रे गड्या!" सखाराममामा ओरडले. मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला.

पुंडलिकने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो इंद्रजीतच्या कमरेकडे बघत होता. मग त्याने तोंडाकडे पाहिलं.

"पाठ बरी हाय की तुझी."

"पहिल्यापासूनच हाय," इंद्रजीत कसाबसा म्हणाला. "खांद्यालाबी काय नाय झालं."

हलगी पुन्हा सुरू झाली. पुंडलिक एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्याने मांडीवरच्या झेंडूच्या पाकळ्या झटकत राहिला.

"जागा घेतली ती घेतली. ते मी गिळलं असतं," तो म्हणाला. "पट्टा घ्यायला हात कसा धजला रे तुझा?"

"लाज वाटती, पुंडलिक. लई लाज वाटती."

खुर्चीमागच्या पिशवीतून इंद्रजीतने पट्टा काढला. पुंडलिकने घेतला नाही, नको म्हणालाही नाही. इंद्रजीतने तो त्याच्या छातीभोवती फिरवला आणि आवळून बांधला. लोकांना त्या मैत्रीचं कौतुक वाटलं. कोणीतरी फोटो काढला.

तेवढ्यात केसरबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "दोघांवरनं ओवाळते. दोघंबी माझीच लेकरं," असं म्हणत त्यांनी तुकडा ओवाळायला सुरुवात केली.

"ताठ बस," पुंडलिक त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाला. "मावशी ओवाळायलीय."

इंद्रजीत ताठ बसला. फेटाही आता नीट बसला होता. पण मान वर करून आईकडे बघणं काही त्याला जमलं नाही.