लोंढ्याचा भुसा

“आजपासून या आळीत विषाला पाऊल ठेवता येणार न्हाय!” विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून सिद्राम म्हणाला. सभेला त्याची आई यल्लव्वा, शेजारची मनुबाई आणि एक शेळी हजर होती. शेळीनं तोवर भुशाच्या पोत्याला तोंड लावलं होतं.

सिद्राम बेळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा कारखाना आला, तसं आळीच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं आणि यल्लव्वाच्या बोटांवर न भरणाऱ्या जखमा उठल्या. गावच्या विहिरीवर या आळीचा पोहरा अजून चालत नव्हता. तपासणीला आलेले साहेब पाणी उत्तम आहे म्हणाले. चहा मात्र नको म्हणाले.

मग सिद्रामनं लोंढ्याच्या लाकडाच्या वखारीतून सागवानी भुसा आणला, आम्लात उकळला, धुतला आणि पिंपात ठासला. वरून ओतलेलं पिवळं पाणी खालच्या तोटीतून नितळ उतरलं. त्यानं त्यात औषधाचे थेंब टाकले. विष असतं तर पाणी जांभळं झालं असतं. झालं नाही.

“भुसा विष धरून ठेवतोय, आये. म्हयन्याला बदलायचा. जुना खड्ड्यात पुरायचा.”

“व्हय की.”

दिवाळीला तो आला, तेव्हा थेंब टाकताच पिंपातलं पाणी जांभळं झालं. विहिरीतलं तर पूर्वी कधी नव्हतं इतकं गडद. तो खड्ड्याकडे गेला. रिकाम्या खड्ड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

घरात यल्लव्वा शेगडीत भुसा ठासत होती.

“आये, ह्यो भुसा कुठला?”

“तुझाच रं. वाळवला की लई झ्याक पेटतोय. चांगलं सागवान मातीत कोण घालतंय? आख्ख्या आळीला वाटला.”

“आन् राख?”

“राखंचं काय करत्यात? भांडी घासत्यात.”

सिद्रामनं दारातून पाहिलं. कट्ट्यावर मनुबाई पातेली घासत होती. राखेचं पाणी, त्यात उरलेल्या विषासकट, कट्ट्याच्या चिरेतून परत विहिरीत उतरत होतं. आळीची भांडी इतकी लखलखीत त्यानं कधी पाहिली नव्हती.

यल्लव्वानं चिंध्या गुंडाळलेल्या बोटांनी चहाचा कप पुढं केला. तो दोन्ही हातांत धरून सिद्राम त्यात बघत बसला.

“निवतोय की रं,” ती म्हणाली. “आन् पुढल्या खेपेला दोन पोती आण. मनुबाईच्या पोरीचं लगीन हाय.”