हात वर झाला तेव्हा

मार्लिस टॅकेटला खाजगी तपासनीसाचा परवाना मिळायला आता फक्त वर्ल हॅस्किन्सची सही हवी होती. कॅलिफोर्नियात हा परवाना कोणी उठून मागितला म्हणून मिळत नाही. आधी तीन वर्षं एखाद्या परवानेवाल्याच्या हाताखाली घासायचं, मग त्याने सहीनिशी सांगायचं की या बाईला काम येतं, मग परीक्षा. बेकर्सफील्डच्या डायनरमध्ये उभा जन्म लोकांच्या कपात कॉफी ओतल्यावर मार्लिसला दारावर स्वतःच्या नावाची पाटी हवी होती. त्यासाठी तिने वर्लची सगळी टोचणी गिळली.

वर्ल म्हणजे निवृत्त पोलीस, सत्तरीचा, तोंडाचा फटकळ. त्याला कामं मिळायची ती विमा कंपन्यांची. कामावर जखमी झालेली माणसं खरंच जखमी आहेत का, हे चोरून बघायचं.

"माणूस हलला की कॅमेरा चालू, थांबला की बंद," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "बसलेला माणूस कोणाला बघायचाय? आणि त्याने तुझ्याकडे बघून हात वर केला, की समज, आपण पकडले गेलो. गाडी काढायची, मागे बघायचं नाही. शिरलं का डोक्यात, कॉफीवाल्या बाई?"

"शिरलं."

जुलैत तिच्या वाट्याला रुबेन अरिझमेंडी आला. बदामाच्या बागेत यंत्रावरून पडून त्याची पाठ मोडली होती. डॉक्टर म्हणत होते शस्त्रक्रिया करा, नाहीतर पाय जातील. विमा कंपनी म्हणत होती, सोंग आहे, खर्च देणार नाही. मार्लिस त्याच्या घरासमोर व्हॅनमध्ये, काळ्या काचांआड घामाने निथळत बसायची. इंजिन चालू ठेवलं तर संशय येतो, म्हणून थंड हवाही नाही. रुबेन दारापर्यंत यायचा, चौकट धरून उभा राहायचा आणि आत जायचा.

मग एका सकाळी त्याने आपला म्हातारा कुत्रा बाहेर आणला. थोराड कुत्रा, मागचे पाय गेलेले. रुबेनने त्याला चादरीवरून ओढत पिकअपपाशी नेलं, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवलं. मार्लिसचा कॅमेरा चालू होता. इतकं चांगलं चित्रण तिला आजवर मिळालं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, ती खूश झाली.

रुबेनने पिकअपची कड धरली. त्याचे गुडघे वाकले, तो खाली बसला, मग आडवा झाला. हालचाल थांबली. मार्लिसने सवयीने कॅमेरा बंद केला.

थोड्या वेळाने त्याने मान वळवून थेट व्हॅनकडे पाहिलं आणि हात वर केला. हलवला. पुन्हा हलवला.

तिला वर्लचे शब्द आठवले. पकडले गेलो! भर उन्हात जमिनीवर पडलेला माणूस हात कशाला हलवतो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण इतकी वर्षं एकच धडा घोटलेल्या या बाईला ते कळलं नाही. तिने किल्ली फिरवली आणि निघून गेली.

वर्लने चित्रण पाहून टेबलावर थाप मारली. "शाब्बास! गडी एवढं धूड उचलतोय आणि म्हणे पाठ मोडली. पोरी, तू झालीस तपासनीस!"

विम्याच्या दाव्याच्या सुनावणीला रुबेन चाकाच्या खुर्चीतून आला. बायको खुर्ची ढकलत होती.

"कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला न्यायचं होतं," त्याने न्यायाधीशांना सांगितलं. "फार हाल चालले होते त्याचे, बघवेना. उचलला, आणि माझ्या पायांतला जीवच गेला. समोर व्हॅन होती, पुढच्या काचेतून आत कोणीतरी हललेलं दिसलं. मी मदतीला हात केला. व्हॅन निघून गेली. दुपारी ही येईपर्यंत मी तसाच पडून होतो. कुत्रा उन्हात तिथेच तडफडून मेला."

तो हात मार्लिसला आत्ता, या थंडगार खोलीत, समजला.

रुबेनच्या वकिलाने तिला विचारलं, "कॅमेरा बंद झाल्यावर तुम्ही काय पाहिलंत?"

मागच्या रांगेत वर्लने खिशातून पेन काढलं आणि बोटांत फिरवत बसला. येताना गाडीत तो म्हणाला होता, "चित्रणात आहे तेवढंच बोल. बाहेर आलीस की सही करतो."

"नोंदवण्यासारखी हालचाल नव्हती," मार्लिस म्हणाली.

"ते जमिनीवर पडले होते का?"

"मी निघाले होते. माझं लक्ष नव्हतं."

न्यायाधीशांनी चित्रण पुन्हा एकदा लावायला सांगितलं. पडद्यावर रुबेनने कुत्रा उचलला, ठेवला आणि चित्र संपलं. त्याच्या बायकोने सगळं संपलं अशा चेहऱ्याने खाली पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात रुबेन एकटाच होता. बायको गाडी आणायला गेली होती. मार्लिस समोरून जाताना तो म्हणाला, "बाई, आत्ता कॅमेरा चालू आहे?"

"नाही."

"मग एवढंच सांगा. मी दिसलो होतो ना? ही म्हणते, उन्हाने तुला भास झाला असेल, बघून कोणी असं जात नाही."

मार्लिसने दोन्हीकडे नजर टाकली. जवळपास कोणी नव्हतं.

"दिसला होतात," ती हळूच म्हणाली.

रुबेनने डोळे मिटले, उघडले. त्याला राग आला नाही, हेच तिला सोसवेना. "मग आत चला ना माझ्याबरोबर," तो म्हणाला. "न्यायाधीश अजून बसलेत. एवढंच सांगा त्यांना. माझ्या पायांचा प्रश्न आहे हो."

"टॅकेट!" व्हरांड्याच्या टोकाला, काचेच्या दारापाशी उभ्या वर्लने हाक मारली. सहीचा कागद त्याच्या हातात होता. "येतेस का? का नकोय सही?"

मार्लिसने त्या कागदाकडे पाहिलं. मग स्वतःचीच शरम वाटत असूनही ती दाराकडे चालू लागली.

"बाई!" मागून रुबेन म्हणाला.

दाराच्या काचेत तिला तो दिसत होता. त्याने हात वर केला होता. तिने मागे पाहिलं नाही.