धडे विकणाऱ्या काकूंचा कॅमेरा

मित्रांनो, लाँड्रीच्या कपाटावर मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला जुना कॅमेरा, तो मीच. कारखान्यात माझे भिंग बसवले गेले, तेव्हा वाटले होते की आपण डोंगर आणि समुद्र टिपणार. नशिबी आली मळक्या कपड्यांची रास!

पण पहिल्याच दिवशी मी थक्क झालो. लाँड्रीच्या मालकीण काकूंनी खिशावर शाई सांडलेला एक सदरा घेतला, उलटा करून पाटावर पसरला आणि डागाशी अशा हळुवार बोलल्या, जणू रुसलेल्या मुलाशीच. बघता बघता डाग नाहीसा झाला.

मला आणले होते त्यांच्या दिरांनी. ते म्हणाले, “वहिनी, या कॅमेऱ्यावर धडे टिपून ही विद्या विकायला काढू. लाँड्री कशी टाकायची, लोक घरबसल्या शिकतील.”

“अहो भावजी, माझं धुणं पैसे देऊन कोण बघणार?”

लोकांनी बघितले! कोण कुठली माणसे काकूंचे बघून दुकाने थाटू लागली. शेजारीण एकदा म्हणाली, “हे तर फुकटही बघायला मिळतं की.”

“मिळतं ना,” काकू हसल्या. “पण काय आधी नि काय नंतर, हे कळेपर्यंत माझी उमेदीची वर्षं गेली, गिऱ्हाइकांचे कपडेही गेले. इतरांचे जाऊ नयेत, त्याचे पैसे घेते मी.”

काकूंची विद्या इतक्या घरी पोचली, तरी त्यांच्याकडची तसूभरही कमी झाली नाही. मला याचे फार नवल वाटे.

भावजींनी जाहिरात केली : ‘कुठेही, कुणालाही हमखास जमेल!’ काकूंनी ती वाचली आणि हसून सोडून दिली.

मग एका दुपारी एक गृहस्थ दारात उभे राहिले. बस चालवण्याची नोकरी सोडून त्यांनी काकूंच्या धड्यांवर लाँड्री टाकली होती. त्यांनी पिशवीतून एक चादर काढली. पांढरी चादर राखेसारखी दिसत होती.

“ताई, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. हॉटेलवाला म्हणतो, आता शेवटची संधी.”

“तुमचंच काहीतरी चुकलं असेल,” भावजी म्हणाले.

काकूंनी त्यांना हातानेच थांबवले. “तुमचे पैसे परत देते, दादा.”

“पैसे नकोत. घरी बायकोला काय सांगू, तेवढं सांगा.”

काकूंनी दुकानाला कुलूप लावले आणि त्या त्यांच्यासोबत निघाल्या. भावजीही मला गळ्यात अडकवून मागोमाग आले.

त्या गृहस्थांचे दुकान आरशासारखे लख्ख होते. त्यांची पत्नी बाजूला उभी राहिली. काकूंनी स्वतः चादर भिजवली, साबण लावून घासली. फेस काही येईना. त्यांनी बादलीच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि त्या मागे वळल्या.

“भावजी, कॅमेरा चालू करा.”

“आत्ता? आपली फजिती दाखवायची?”

“फजितीच दाखवायची.”

आणि त्या थेट माझ्या भिंगात बघून म्हणाल्या, “मी शिकवलं ते माझ्या गावच्या पाण्याचं. इथलं पाणी जड आहे, क्षारांचं; त्यात साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात माझी रीत फसते, हे मलाच ठाऊक नव्हतं. यांचं काही चुकलं नाही.”

त्या गृहस्थांच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. मित्रांनो, किती डाग निघताना पाहिले मी! पण एका वाक्याने त्या गृहस्थांचा वाकलेला पाठीचा कणा ताठ झाला, तसे काही पुन्हा पाहिले नाही.

मग पाण्यात आधी धुण्याचा सोडा घालून पाहिला. कमी पडला, पुन्हा घातला. संध्याकाळी बादलीभर फेस आला. चादर पुन्हा पुन्हा धुतली, तेव्हा तिचा राखाडीपणा गेला. हॉटेलवाल्याने ती बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, “उद्यापासून चादरी पाठवतो.”

जड पाण्याचा तो धडा बाकी सगळ्या धड्यांच्या आधी लावला, धडे घेतलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना फुकट. ‘हमखास’ शब्द भावजींनी स्वतःच खोडला. विक्री घटली, ते काही दिवस कुरकुरले. मग रोज संध्याकाळी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून विचारू लागले, “काय, जमतंय ना?”

आता माझ्या भिंगाला बुरशी धरली आहे. मला अधूनमधून पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि मित्रांनो, तुम्हाला आलेली विद्या खुशाल विका, तिचे मोल घ्या. पण तुमच्या शब्दावर नोकरी सोडलेला माणूस दारात आला, तर दुकानाला कुलूप लावा आणि त्याच्यासोबत जा.